बाईंनी वाचून घेतलेली नावं

शाळेच्या महोत्सवाचं निमंत्रण आलं आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो बोर्डाचे फॉर्म भरण्याआधीचा शनिवार. बाईंचं नाव लिहायला नको. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की गणिताच्या बाईच.

सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या नोंदींचं पुस्तक, वर्गात आणलं आणि एकेकाला टेबलापाशी बोलावून नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख मोठ्यानं वाचायला लावली. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरं पुष्कळ; आडनाव घरी एक, रेशनकार्डावर दुसरं, इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. एका मुलीच्या वडिलांच्या नावात एक ‘य’ कमी होता. ‘नरसय्या’चं ‘नरसया’ झालेलं. बाईंनी त्यांना यंत्रमागावरून बोलावून घेतलं, अर्ज लिहून घेतला आणि दुरुस्ती होईपर्यंत तिचा फॉर्म पुढे जाऊ दिला नाही. दुपारचे दोन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते, पण कुणाची उठायची हिंमत नव्हती.

आज मी महाविद्यालयात प्रवेशाच्या खिडकीवर बसतो. शिक्षण अर्ध्यावर सुटलेली मुलं परत येतात. कुणाचे वडील गेलेले, कुणाचं लग्न झालेलं, कुणाचा बारावीला एक विषय राहिलेला. त्यांची अभ्यासाची तयारी असते. अडतं ते त्या ‘य’पाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. शाळा सोडल्यावर दाखल्यातलं नाव बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि ती येईपर्यंत प्रवेश बंद झालेले असतात.

विषय राहिला तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते, वर्ष वाया घालवायचं कारण नाही. गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची. तिच्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज घेत नाहीत आणि छायाप्रत हाती पडल्यावर मोजके दिवसच मिळतात. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. शेवटची परीक्षा कधी दिली, मधल्या काळात काय केलं आणि दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता, हे त्यात स्पष्ट यायला हवं. दाखल्यावरची शाळा सोडल्याची तारीख आणि प्रतिज्ञापत्रातली वर्षं जुळली नाहीत की कागद परत. निम्मी मुलं इथंच दोन फेऱ्या मारतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तरी जूनमध्ये जुनाच दाखला घेऊन येतात. महाडीबीटीची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात पडते. दोन खाती असतील तर कोणतं जोडलंय ते बँकेत विचारूनच घ्या. आणि ज्यांचं कॉलेजचं शिक्षण २००४च्या आधी सुटलं, त्यांनी जुन्या गुणपत्रिकांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे अर्ज करायचा, कारण सोलापूरचं विद्यापीठ त्या वर्षी झालं. नोकरी सोडता येत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथं रोज वर्गात बसावं लागत नाही.

आता फॉर्म सायबर कॅफेत भरतात. भरणारा घाईत असतो, बाप कामावर, आणि नाव मोठ्यानं वाचणारं कुणी नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान आपल्या शाळेत तरी तो शनिवार पुन्हा सुरू व्हावा.

ती मुलगी लग्नानंतर अकरा वर्षांनी आमच्या खिडकीवर आली, कलाशाखेच्या पहिल्या वर्षासाठी. दाखला, बारावीची गुणपत्रिका, आधार, विवाह नोंदणीचा दाखला, गॅपचं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, सगळं एका फाईलमध्ये क्रमानं लावलेलं. मी वडिलांचं नाव बोट ठेवून वाचलं. सगळीकडे ‘नरसय्या’च. वीस मिनिटांत पावती तिच्या हातात होती.

“बाई कशा आहेत?” तिनं आधी हेच विचारलं.