कप्पीचा माळा आणि आम्ही

आमच्या माहितीपत्रकात ‘आमची वाटचाल’ या मथळ्याखाली आजवर सहा ओळी छापून येत. स्थापना, उद्घाटन, दुसरं दालन, अशा. सगळ्या खऱ्या, आणि त्यांतून कुणाला काही कळत नाही. या वेळी मी म्हटलं, मी लिहितो.

बालसंग्रहालय काढायचं ठरलं तेव्हा जागा नव्हती. चार ट्रंका होत्या. पहिलीत कप्प्या आणि दोर, दुसरीत आरसे, तिसरीत लाकडी दंतचक्रं, चौथीत स्क्रूड्रायव्हर आणि बंद पडलेल्या वस्तू: गजराचं घड्याळ, जुना टेलिफोन, टाइपरायटर. शाळेच्या वर्गात नाहीतर वाचनालयाच्या व्हरांड्यात ट्रंका उघडायच्या, दोन तास मुलांच्या हवाली करायच्या, उरलेले स्क्रू मोजून झाकण लावायचं. चौथ्या ट्रंकेपाशी कायम गर्दी. (असं कुणी करणार असेल तर विजेवरच्या वस्तूची वायर मुळापासून कापून टाका, आणि टीव्ही, मायक्रोवेव्ह, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांना ट्रंकेत जागाच देऊ नका. त्यांच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते.)

लोक विचारत, ‘संग्रहालय म्हणता, मग काचेची कपाटं कुठायत?’ मी लगेच १८९९ पासून सुरू करायचो. त्या वर्षी ब्रुकलिनमध्ये जगातलं पहिलं बालसंग्रहालय निघालं. पुढे १९६२ साली मायकेल स्पॉक बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालक झाले, त्यांनी वस्तू काचेबाहेर काढल्या, रोजच्या वापरातल्या गोष्टी मधोमध कापून आत काय असतं ते दाखवलं. मी १९६२ पर्यंत पोहोचेतो समोरच्याने घड्याळ पाहिलेलं असे. देणगीदारासमोर इतिहास सांगू नये, त्याच्या हातात दोर द्यावा आणि वीस किलोची पिशवी वर ओढायला लावावी. आधी एका स्थिर कप्पीवरून, मग एक स्थिर आणि एक फिरती अशा जोडीवरून. जवळपास निम्मा जोर, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. एवढं हाताला कळलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

आमचे सुतारकाका पहिल्या ट्रंकेपासून बरोबर आहेत. मी कागदावर काढायचो, ते बघून न बघितल्यासारखं करायचे आणि वस्तू नीट बनवायचे. प्लाय अठराचाच, बारा एमएमला हात लावायचे नाहीत. प्रत्येक कडेवरून राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) फिरवून गोलाई, स्क्रूच्या जागी टी-नट (लाकडात ठोकून बसवायची आटेवाली धातूची चकती) आणि बोल्ट, कारण लाकडातला स्क्रू चार वेळा काढला-घातला की धरत नाही, आणि इथे सगळंच चार वेळा उघडावं लागतं. त्यांच्या खिशात एक नळकांडं असे, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून लहानांच्या कोपऱ्यातून बाद. सुटी लोहचुंबकं तर त्यांनी दोन्ही दालनांतून हद्दपार केली. दोन गिळली गेली तर पोटात आतड्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना खेचतात.

दोन खोल्या मिळाल्या, संस्था नोंदवली, सात विश्वस्त झाले. त्यांतल्या एकाबद्दल आता लिहितो. नाव घेणार नाही.

माणूस कर्तबगार, हे आधी कबूल करतो. पहिल्या दहा देणगीदारांपैकी सहा त्यांनी आणले. पैशाचं बोलताना माझी जीभ अडखळते, त्यांची नाही. पण दर बैठकीत आमचं एकाच ओळीवर अडायचं. अंदाजपत्रकात मी ‘दुरुस्ती व देखभाल’ लिहायचो आणि ते पेन्सिलीने खोडायचे. त्यांचं म्हणणं, दुरुस्तीला कोण देणगी देतो? पाटी कशावर लावणार, स्क्रूवर? यात ते चुकत नव्हते, हीच पंचाईत. उद्घाटनाला, नव्या दालनाला, मोठ्या पडद्याला पैसे येतात. ब्लोअरच्या जाळीत अडकलेला धागा काढायला येत नाहीत. माझं म्हणणं होतं की बंद पडलेलं एक यंत्र चालू असलेल्या नऊ यंत्रांना खाली खेचतं. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम सुरू केलं तेव्हा कार्यशाळाच लोकांना दिसेल अशी ठेवली होती. मला आमचं दुरुस्तीचं टेबल दारासमोर हवं होतं. त्यांना तिथे टचस्क्रीनची भिंत हवी होती.

चौथ्या वर्षी मतदान झालं. टेबल चार विरुद्ध तीनने जिंकलं. पुढच्या महिन्यात त्यांचा राजीनामा आला, दोन ओळींचा, अतिशय सभ्य.

सहा महिन्यांनी पायी दहा मिनिटांवर त्यांचं ‘अनुभव केंद्र’ उघडलं. धर्मादाय वगैरे काही नाही, सरळ व्यवसाय. तो त्यांचा हक्क. पण आमच्या शाळांच्या नोंदवहीतली यादी, कुठल्या शाळेत कोणत्या बाईंशी बोलायचं इथपर्यंत, त्यांच्याकडे कशी गेली? आणि आमच्या कप्पीच्या माळ्याचं, म्हणजे मुलं वर चढून कप्पीने टोपली ओढतात त्या कठड्याच्या मचाणाचं, रेखाटन? ती वही विश्वस्तांच्या कपाटात असे आणि किल्ल्या सातही जणांकडे होत्या. (किल्ल्या दोनच ठेवा. राजीनामा हातात घेताना किल्ली हातात घ्या.)

त्या सत्रात सोळापैकी अकरा शाळांनी सहली रद्द केल्या. नकार कुणी दिला नाही, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणाले. आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न सहलींचं. तीन महिने दोन ताईंचे पगार थकले. एक सोडून गेली आणि ते बरोबरच केलं. मी माझ्या ठेवी मोडल्या, घरी उशिरा सांगितलं, त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. सुतारकाकांनी बिलं देणं थांबवलं. विचारलं तर म्हणायचे, बिलबुक सापडत नाही.

मी एकदा तिकीट काढून तिकडे गेलो. बघू नये असं वाटत होतं, तरी गेलो. झगमगाट होता, मुलं खूश होती. आणि कोपऱ्यात आमचा माळा. तीच उंची, तीच टोपली, तोच निळा रंगसुद्धा. फक्त कठड्याचे गज लांब लांब वाटले. बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाकून वीत लावली. १२ सेंटिमीटरच्या आसपास.

माझ्या रेखाटनात १२ च होतं. चूक माझी. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट सगळ्यात वाईट, कारण पायांकडून घसरलेल्या लहान मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. सुतारकाकांनी कागद न बघता गज ८ वर बसवले होते, आणि मी कागद कधी दुरुस्त केला नाही. म्हणजे अनुभव केंद्राने माझी चूक हुबेहूब उतरवून घेतली होती.

घरी येईपर्यंत मी काय काय विचार केले ते सांगण्यासारखे नाहीत. रात्री त्या माजी विश्वस्तांना फोन केला. ‘कठड्यात फट जास्त आहे, उद्या माळा बंद ठेवा, ९ च्या आत आणा.’ पलीकडे शांतता. मग, ‘बघतो.’ आभार नाहीत, रेखाटनाचा विषयही नाही. माझ्यासमोर बसलेले सुतारकाका एवढंच म्हणाले, ‘दोराची लांबीही सांगायची होतीत. खाली फास होता कामा नये.’ परत फोन करून तेही सांगितलं.

त्या वर्षी आम्ही टिकलो त्यात एका आजींचा वाटा आहे. सभासद क्रमांक ७. दर बुधवारी नातवाला घेऊन येत. मुलगा बाकी कशालाही हात लावायचा नाही, थेट ब्लोअरच्या हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूकडे. झोत थोडा वाकडा करायचा, चेंडू पडत नाही म्हणून आणखी वाकडा. हवा चेंडूच्या गोलाईला धरून वळते, चेंडूला झोतात ओढून ठेवते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुठल्या कोनाला चेंडू सुटतो ते त्याने भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवलं होतं. एका बुधवारी चेंडू नीट उचलेना. मुलगा थेट दुरुस्तीच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, ‘जाळी भरलीय.’ भरलेलीच होती. आजींनी त्याच दिवशी तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली, आणि ‘पावतीवर दुरुस्तीसाठी असं लिहा’ म्हणाल्या. मग तसं लिहून देणारे आणखी निघाले. फार नाहीत. पुरेसे.

पुढची नऊ वर्षं बरी गेली. तिसरं दालन झालं, शाळा हळूहळू परतल्या, एक सन्मानचिन्ह मिळालं, ते ऑफिसात आहे.

खुणांची ती भिंत रंगवू दिली नाही म्हणून नवे विश्वस्त अजून कुरकुरतात.

गेल्या वर्षी अनुभव केंद्र बंद झालं. मला आनंद झाला का? पहिल्या दिवशी झाला. आठवड्याने दारात एक गाडी उभी राहिली, चालकाने उतरवून घ्या म्हटलं. चिठ्ठी नाही, फोन नाही. चादरीत गुंडाळलेला निळा माळा. सुतारकाकांनी चष्मा लावला, टेप काढली आणि गजांमध्ये धरली. ८ सेंटिमीटर. दोरही आखूड केलेला.

‘प्लाय मात्र बाराचाच,’ ते म्हणाले, आणि मागची फळी उघडायला पाना मागितला.