ठक आवाज आणि कार्डाचं घड्याळ

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये फटीग टेस्टचा (वस्तूवर पुन्हा पुन्हा जोर देऊन ती किती टिकते ते बघायचा) बेंच आहे, हायड्रॉलिक सिलिंडर, त्याला व्होल्टेजप्रमाणं तेल सोडणारा सर्व्हो व्हॉल्व्ह, आणि पीसीतल्या डाटा ॲक्विझिशन कार्डातून (सिग्नल मोजणारं आणि बाहेर पाठवणारं कार्ड) 5 हर्ट्झची साइन वेव्ह, म्हणजे सेकंदाला पाच गुळगुळीत लाटा, व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला जाते, वर खाली 5 व्होल्ट. चालता चालता मधेच "ठक" करून झटका बसायचा. जोर मोजणाऱ्या लोड सेलच्या ग्राफवर पण झटका स्पष्ट दिसायचा, त्यामुळं सगळ्यांनी धरलं की खोट मशीनमध्येच आहे. व्हॉल्व्ह बदलला, अर्थिंग नवीन केलं, शिल्डेड केबल टाकली, एवढं करून फिटर मामांवर आळ, की पिन नीट आवळली नसेल. बावीस वर्षं पाना हातात धरलेला माणूस, मला ते फार लागलं.

मामाच म्हणाले, "साहेब, ते कॉम्प्युटरचा लाल दिवा लुकलुकला की ठक होतंय बघा की." हार्ड डिस्कचा दिवा. मी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) थेट कार्डाच्या आउटपुटला लावला आणि बसून राहिलो, शेडमध्ये पत्रा तापलेला, घामानं प्रोब हातातून सटकत होता. दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर साइन मधेच 30 मिलीसेकंद सपाट, मग एकदम उभी उडी, साडेचार व्होल्टांची.

झालं असं होतं, इनपुटची बाजू, लोड सेलचं रेकॉर्डिंग, डीएमएवर होती, म्हणजे कार्ड सँपल (मोजलेले आकडे) आधी स्वतःच्या फिफोत, कार्डावरच्याच छोट्या मेमरीत, भरतं आणि तिथून थेट पीसीच्या मेमरीत टाकतं, प्रोसेसर मधे नाही, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये एक सँपल सुटत नव्हता. पण आउटपुटला जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पॉइंट विंडोज दर मिलीसेकंदाला हातानं लिहीत होतं. फाइल सेव्ह व्हायला लागली की विंडोज तिकडं गुंतणार, आणि डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा कार्डाचा भाग) बिचारा शेवटची व्हॅल्यू धरून बसणार, मग प्रोग्रॅम घड्याळ बघून पुढचा पॉइंट काढणार तो थेट पलीकडचा. ग्राफ खरं सांगत होता, आपण चुकीच्या जागी बघत होतो.

मग पूर्ण एक सायकलचे 2000 पॉइंट कार्डाच्या फिफोतच भरले, फिफो 2048 चा, त्यामुळं मावले, आणि कार्डाला सांगितलं की तुझ्याच घड्याळावर, सेकंदाला 10,000 ने, हेच पुन्हा पुन्हा फिरव. पीसीनं काही पाठवायचंच नाही. अजून एक फायदा, आधी सायकलला 200 च पॉइंट होते, शून्याजवळ पायरी दीड दशांश व्होल्टाची पडायची, 16 बिटचं कार्ड असून काय उपयोग, 0.3 मिलिव्होल्टची बारकाई आणि पायऱ्या एवढ्या मोठ्या. आता पायरी दहापट लहान झाली, सिलिंडरची गुरगुर पण कमी झाली.

एक गोष्ट मात्र लगेच घालावी लागली. या कार्डाचा प्रोग्रॅम बंद केला तरी आउटपुट शेवटच्या व्होल्टेजवरच राहतं, सिलिंडर दाबूनच उभा. म्हणून थांबवताना आधी हळूहळू शून्यावर आणायचं आणि मग बंद, हे दोन ओळींचं काम.

रात्री बेंच चालू ठेवून घरी आलो. सकाळी मामांचा फोन, "रातभर एक ठक नाय." मालकांना मी मामांसमोरच सांगितलं की खोट पिनमध्ये नव्हती. शेजारच्या बेंचवर पण तोच जुना प्रोग्रॅम आहे, सोमवारी तो घेतोय.