समोरच्याचे ऐकणारा नट

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे दोन महिने मी तिच्याजवळ राहून घरूनच नोकरी केली. दुपारची जेवणे उरकली की दीडच्या सुमारास टीव्ही सुरू व्हायचा आणि आई पलंगावर पाय सरळ ठेवून, मांडीवर ताट घेऊन मेथी किंवा गवार निवडायला बसायची. तिची नजर निम्म्याहून अधिक वेळ ताटातच असायची, म्हणजे मालिका ती पाहत कमी आणि ऐकत जास्त होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नायिकेचा मोठा प्रसंग चालू असताना ती मान वर न करताच म्हणाली, "ही समोरच्याचं ऐकतच नाहीये गं. आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभी आहे." मालिकांतील अभिनयाबद्दल इतके नेमके निदान मी कोणत्याही परीक्षणात वाचलेले नव्हते.

दुपारच्या मालिका मराठीला नव्या नाहीत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर 'दामिनी' दुपारीच लागायची आणि प्रतीक्षा लोणकर यांच्या स्वच्छ, ठाम आवाजामुळे ती स्वयंपाकघरातूनही कळायची. २०२२ मध्ये स्टार प्रवाहने 'मुरांबा' दुपारी दीड वाजता आणली, २०२४ मध्ये 'आई कुठे काय करते' संध्याकाळची वेळ सोडून दुपारी अडीचला गेली, आणि हा प्रेक्षकवर्ग पुन्हा मोजला जाऊ लागला. कपड्यांच्या घड्या घालत, बाळाला झोपवत, आजारपणात पडून राहिलेल्या अवस्थेत मालिका पाहणारा हा प्रेक्षक चेहऱ्याच्या आधी आवाज पकडतो, आणि आवाजात खोटेपणा लपत नाही.

तरीही कलाकारांना दोष देण्याआधी त्यांच्या कामाची रीत पाहिली पाहिजे. एका मैत्रिणीच्या ओळखीने मी एकदा ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या एका मालिकेच्या सेटवर दिवसभर बसले होते. आठवड्याला सहा भाग द्यायचे म्हणजे साधारण बावीस मिनिटांचे चित्रण रोज हातावेगळे व्हावे लागते. संवादांचे कागद मेकअप चालू असताना हातात पडतात, तालमीला वेळ मिळत नाही, आणि पाठांतर दिव्यांच्या दोन मांडण्यांमधल्या मोकळ्या वेळातच करावे लागते. त्या दिवशी सासू आणि सून यांचे भांडण चित्रित व्हायचे होते. आधी मास्टर, म्हणजे दोघींचा एकत्र शॉट झाला, मग सासूचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट झाले आणि त्या बाई दुसऱ्या शूटिंगसाठी निघून गेल्या. सुनेचे क्लोज घेताना कॅमेऱ्याच्या शेजारी एक तरुण सहायक दिग्दर्शक कागद धरून उभा राहिला आणि सासूचे संवाद, बाजाराची यादी वाचावी तसे, एका सुरात वाचून क्यू देत गेला. त्या कोऱ्या आवाजाकडे पाहत त्या मुलीला अपमान झाल्याचे दाखवायचे होते. दोन वेळा तिचे डोळे नुसते रुंद झाले. तिसऱ्या वेळी तिने पापण्या मिटून घेतल्या, सकाळी त्या बाईंनी ते वाक्य कसे म्हटले होते ते बहुधा मनात आणले, आणि डोळे उघडताना तिचा खालचा ओठ जरासा आत ओढला गेला. सेटवरची कुजबुज थांबली होती. ती मुलगी उत्तम नटी आहे हे मला त्या क्षणी कळले, आणि पडद्यावर तो ओठ दिसण्याआधीच पार्श्वसंगीताचा तीन वेळा दणका बसणार हेही कळून वाईट वाटले.

'आई कुठे काय करते' मधली, पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे दुसरे नाते समजलेली अरुंधती मधुराणी प्रभुलकर यांनी पाच वर्षे साकारली, आणि त्या भूमिकेचे बळ माझ्या मते तिच्या ऐकण्यात होते. घरातले सगळे अरुंधतीविषयी बोलत असताना तिचे हात कामात असायचे, पण एखादा शब्द लागला की तो हात थबकायचा. 'चार दिवस सासूचे' ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली आणि त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी वर्षानुवर्षे तीच आशालता उभी केली. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि पडद्यावर कस्तुरबा साकारलेल्या या अभिनेत्रीने रोजच्या मालिकेला दुय्यम काम मानले असे कधी जाणवले नाही. समोर नवखी मुलगी असली तरी त्या तिचे वाक्य पूर्ण ऐकून घेत, आणि त्या ऐकत म्हणून ती नवखी मुलगीही बरी वाटे.

पात्रनिवडीचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडच्या कलाकारांना घेऊन उभी राहिली आणि शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या कमल ठोके यांची जिजी बोलू लागली की संवाद लिहिलेला आहे हे विसरायला होई. 'रात्रीस खेळ चाले' मालवणी कानाने निवडलेली होती. मात्र बोली जन्मानेच यावी लागते असे मी म्हणणार नाही, कारण नाशिकच्या अनिता दाते यांनी 'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या राधिकेची वऱ्हाडी इतकी अंगात मुरवली की ती केवळ शब्दांत न राहता चालण्यात आणि पदर खोचण्यातही आली. याच्या उलट, अलीकडच्या एका मालिकेत गावची कष्टाळू मुलगी म्हणून निवडलेली नायिका भाकरी थापताना पीठ केवळ बोटांच्या टोकांनी दाबत होती. आईला ते सहन होईना. मला त्या मुलीपेक्षा तिला निवडणाऱ्यांचा राग आला, कारण चार दिवस परातीपुढे बसवून शिकवले असते तर तिलाही ते जमले असते. लुक टेस्टमध्ये चेहरा पाहतात, हल्ली समाजमाध्यमांवर अनुयायी किती तेही पाहतात, परंतु हात पाहत नाहीत. मुलगा आणि आई यांच्या वयात जेमतेम पाच-सहा वर्षांचे अंतर असते, ते वेगळेच.

चालू मालिकेत कलाकार बदलतो तेव्हा तर पात्रनिवडीची खरी कसोटी लागते. त्याच 'माझ्या नवऱ्याची बायको' मध्ये शनायाची भूमिका रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका यांच्याकडे आली. 'अग्गंबाई सासूबाई' ची कथा पुढे नेणारी नवी मालिका आली तेव्हा शुभ्रा आणि सोहम ही दोन्ही पात्रे नव्या चेहऱ्यांनी केली. प्रेक्षक आठवडाभरात नवा चेहरा स्वीकारतो, हे मी घरात पाहिले आहे. अडचण होते ती सहकलाकारांची. पाच-सहाशे भागांत जो ताल जुळलेला असतो, कोण कुठे श्वास घेतो आणि कोण वाक्य कुठे तोडतो, तो रातोरात जातो, आणि जुने कलाकार काही दिवस नव्या माणसाला जुन्या माणसासारखेच उत्तर देत राहतात. नव्याला घेण्यापूर्वी एकट्याची ऑडिशन पाहून भागत नाही. जुन्या कलाकारांसमोर बसवून त्याला निदान एक प्रसंग करायला लावावा, आणि तो बोलत नसताना काय करतो ते पाहावे.

आई आता काठी न घेता चालते, तरी दुपारचा कार्यक्रम चालू आहे. परवा मी गेले तेव्हा ती लसूण सोलत होती. पडद्यावर बाप आपल्या मुलीला काही सांगत होता, आणि त्याचे बोलणे संपल्यावर मुलीचे उत्तर आले नाही. संगीतही वाजले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आईची बोटे थांबली, तिने ताटातून मान वर केली आणि टीव्हीकडे पाहिले.