सिनेगॉगमधली वाळू आणि बसमधला माइक

टूर मॅनेजरला प्रवाशांची खरी ओळख पासपोर्टवरून होत नाही, जेवणाच्या फॉर्मवरून होते. नेदरलँड्सच्या ग्रुपमधल्या ठाण्याच्या एका काकूंनी लिहिलं होतं: मासे खवल्यांचेच, कोळंबी नको, मटणाबरोबर दूध-दही नको. ऑफिसातल्या मुलीने त्यापुढे 'फार नखरे' असा शेरा मारून शीट मला पाठवलं. मी रायगडचा. आडनावाच्या शेवटी 'कर', पासपोर्टवर नवऱ्याचं नाव अब्राहम आणि त्यात हा फॉर्म. काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू आहेत हे सांगायला कुणी लागलं नाही. आमच्याकडे या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे. ग्रुपमध्ये कुणालाच पत्ता नव्हता. कुणी त्यांना सीकेपी समजत होतं, कुणी पाठारे प्रभू.

आता, ज्या धर्मात शनिवारी काम बंद, त्यांचं अ‍ॅमस्टरडॅममधलं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) ऑफिसने आम्हाला शनिवारीच दाखवायचं ठेवलं होतं. अशा वेळी आमच्यातले बरेच जण 'फोटो स्टॉप' करून मोकळे होतात. बाहेरून दर्शन, चला बसमध्ये. मी निघण्याआधीच दिवस बदलून घेतला आणि शुक्रवार पक्का केला.

भारतीय ग्रुपचं हॉटेल नेहमी शहराबाहेर. सकाळी तासभर बस, म्हणून मी हौशी मंडळींना माइक देतो. त्या दिवशी तो एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घेतला. माणूस सज्जन, पण एकदा सुरू झाला की तास संपल्याशिवाय थांबायचा नाही. विषय 'ज्यू'. ते जात्याच हुशार, पैशाचं त्यांना उपजतच कळतं, सहा दिवसांत युद्ध जिंकलं, आपल्याला असे लोक हवे होते. सगळी स्तुतीच. शेवटी म्हणाले, "आपल्यात एखादा ज्यू असता तर त्यालाच बोलतं केलं असतं!" बस हसली. दोन सीट मागे काकू संत्रं सोलत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान जेमतेम हलवली: नको.

मोठ्या टूर बसना 2024 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत बंदी आहे. त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांसकट सगळ्यांना पायी न्यायचं, तेही रेड लाइट भागात, कारण 'आवर लॉर्ड इन द अ‍ॅटिक' हे चर्च तिथेच आहे. वेश्या बसतात त्या खिडक्यांसमोरून ग्रुप नेता येत नाही आणि एका ग्रुपमध्ये पंधराच माणसं चालतात. मी तीन तुकड्या केल्या, खिडक्या टाळणारी गल्ली धरली आणि गुडघेवाले मधल्या तुकडीत घातले, म्हणजे त्या अरुंद, उभ्या जिन्यावर मागचा पुढच्याला ढकलत नाही. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

बाहेरून ते कालव्याकाठचं व्यापाऱ्याचं साधं घर. वर तीन घरांचे माळे जोडून सज्जांसकट अख्खं चर्च. 1578 मध्ये शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं आणि कॅथलिकांची उघड प्रार्थना बंद झाली. तेव्हा यान हार्टमन नावाच्या व्यापाऱ्याने 1663 मध्ये माळ्यावर हे थाटलं. जागा इतकी कमी की प्रवचनाचा मंच वेदीच्या खांबात दुमडून ठेवतात, लागला की बाहेर काढतात. चोरून म्हणावं तर अधिकाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. काकू जिना उतरताना मला म्हणाल्या, "ठाऊक सगळ्यांना, फक्त रस्त्यावरून दिसायला नको. छान सोय आहे."

दुपारी पोर्तुगीज सिनेगॉग. दारात बॅगा तपासल्या, पुरुषांना डोकं झाकायला टोप्या दिल्या. 1675 ची वास्तू, आणि आजही मुख्य दालनात ना वीज ना हीटर. पितळी झुंबरांत हजारेक मेणबत्त्या. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. ती बुटांची ओल आणि धूळ धरते, पावलांचा आवाजही मारते. आमच्या गलबल्या ग्रुपचासुद्धा आवाज त्या वाळूने निम्मा केला. बांधणारे लोक पोर्तुगाल-स्पेनमधल्या इन्क्विझिशनमुळे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पाखंड्यांविरुद्धच्या न्यायालयांमुळे, परागंदा झालेल्यांचे वंशज. तेच इन्क्विझिशन 1560 मध्ये गोव्यात आलं. हे आमच्या लोकल गाइडला माहीत होतं. असे गाइड क्वचित मिळतात. बाकीचे विकिपीडिया वाचून दाखवतात.

गाइडबाईने विचारलं, भारतात ज्यू आहेत का? मुख्याध्यापकांनी लगेच उत्तर दिलं: "कोचीनला थोडे. महाराष्ट्रात नाहीत."

काकू तोवर मान वर करून झुंबराकडे बघत होत्या. "एवढ्या मेणबत्त्या लावायला किती माणसं लागतात, विचार रे तिला," मला म्हणाल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "आमच्याकडे काचेचे पेले टांगलेले असतात. खोबरेल घालायचं आणि वात सोडायची."

"अहो, आमच्या रामाच्या देवळातही नंदादीप आहे," मुख्याध्यापक म्हणाले. काकू हसून म्हणाल्या, "असणारच."

मी तोंड उघडलं नाही. फॉर्मवरची माहिती प्रवाशाची, ती उघड करण्याचा मला हक्क नाही. नियम म्हणून हे बरोबरच. पण सकाळी माइक काढून घ्यायला कुठला नियम आडवा आला होता? सिनेगॉगच्या खिडक्यांमधल्या उजेडात उभं राहून एका मराठी माणसाने सांगितलं की महाराष्ट्रात ज्यू नाहीत, आणि मूळची अलिबागची बाई तीन फुटांवर उभी. त्याच देशातले एक लाखाहून जास्त ज्यू 1940 नंतर मारले गेले. जवळच त्यांच्या नावांच्या विटांच्या भिंती आहेत. तिथेही नेलं होतं मी. मुख्याध्यापक रडले. खरंच रडले.

बसची वाट बघताना मी काकूंना विचारलंच, का नाही सांगितलंत?

"एकदा सांगितलं ना, की लोक मला इस्राएलबद्दल विचारतात," त्या म्हणाल्या. "युद्ध, मोसाद, शेती. मी तिकडे कधी गेलेसुद्धा नाही. अलिबागबद्दल कुणी विचारत नाही."

मग मीच विचारलं. बस येईपर्यंत त्या तिथली इस्राएल आळी, मलिद्याचा नैवेद्य आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरच्या एलियाहू प्रेषिताच्या घोड्याच्या टापांबद्दल बोलत होत्या. मुख्याध्यापक शेजारी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या ध्यानात काय आलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी माइक मागितला तेव्हा मी अंताक्षरी लावली.