हाताला सगळं कळतं, असं मी सांगायचे

"दिसत नाही तर ज्युदोत समोरच्याला उचलून आपटता कसं?" हे मला लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, आमच्या बेळगावात वडगावच्या मंगाई यात्रेत गर्दीत खांदा धरून विचारतात. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच: "म्हणजे रस्त्यात कोणी अंगावर आलं तरी तुम्हाला भीती नाही!" पहिल्या प्रश्नाला मी कित्येक वर्षं एकच उत्तर दिलं, "हाताला सगळं कळतं." ऐकणारे खूश व्हायचे. मीही व्हायचे. ते उत्तर अर्धं खोटं आहे. दिसत नसताना मी ज्युदो का खेळते, हे तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते. डोळ्यांचं काय झालं, कधी झालं, किती डॉक्टर केले, ते तुम्हाला पाठ आहे, ते सोडून देते.

रस्त्याचं आधी उरकू. नाही, उपयोग होत नाही. खानापूरच्या बसमध्ये एकदा गर्दीत कमरेशी हात आला. मी मनगट धरलं, पिरगाळलं, आणि "अगं आई गं" म्हणून जो ओरडला तो सीटचा दांडा धरून उभा असलेला म्हातारा निघाला. दुसऱ्या हातात त्याच्या औषधांची पिशवी होती, ती खाली पडली, बाटली फुटली. ज्याचा हात होता तो गपचूप पुढच्या स्टॉपला उतरला असेल. लोक मला शब्दवेधी बाणाचं कौतुक ऐकवतात. दशरथाच्या त्या बाणानं कोण मेलं ते आठवा की. आंधळ्या आईबापांचा एकुलता मुलगा.

उपयोग झाला तो पडण्याचा. टिळकवाडीत एक रस्ता उकरून ठेवलेला, कडेला ना पत्रा ना दोरी. काठी पुढं गेली ती खालीच गेली आणि तिच्यामागून मी. हनुवटी छातीला, पाठ गोल, हातानं जमिनीवर थाप: ज्युदोत पहिले दोन महिने एवढंच करून घेतात. डोकं वाचलं. थाप मात्र गादीवर मारायची असते, मी खडीवर मारली. तळहाताची साल निघाली, आठवडाभर आईनं भरवलं.

आणि हे कराटे नाही. गल्लीत मी "कराटेवाली"च आहे, त्याला इलाज नाही, पण निदान तुम्ही तरी म्हणू नका. एक मावसभाऊ दर चार महिन्यांनी सांगतो, "पॅरालिंपिकात तायक्वांदो आहे की, तिकडं जा." तो हातांचं अपंगत्व असलेल्यांचा खेळ आहे बाबा. लांबून लाथ मारायची आणि लांबूनच चुकवायची, त्यात मी काय करू? ज्युदो अंगाला अंग लावून खेळतात. पॅरालिंपिकातला ज्युदो तर फक्त आमचाच आहे, दृष्टी नसलेल्यांचा आणि अधू असलेल्यांचा. पुरुषांचा १९८८च्या सोलपासून, बायकांचा २००४च्या अथेन्सपासून. ५ सप्टेंबर २०२४ला पॅरिसमध्ये कपिल परमारनं ६० किलोच्या गटात कांस्य घेतलं, या खेळातलं भारताचं पहिलं पॅरालिंपिक पदक. त्या आठवड्यात माझा फोन थांबला नाही. अभिनंदन त्याचं, आणि पुढचं वाक्य माझ्यासाठी: "मग तुमचं कधी?"

आता मूळ प्रश्न. माझे आजोबा शहापूरच्या तालमीत घडलेले, आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केलेले. मुलींना मातीत पाऊल टाकू देणारी ती तालीम नव्हती, पण दारात बसून मी ऐकायचे. शड्डू कुठून आला, कोण दमलाय, कोणाचा श्वास तुटतोय. त्यांनी मला आमचा नियम एका वाक्यात समजावला, माझ्याकडूनच ऐकून: "म्हणजे खडाखडी नाही म्हण की." बरोबर. डोळस खेळाडूंची निम्मी लढाई पकड मिळवण्यात जाते, हात झटकायचे, मागं सरायचं, पुन्हा झेपावायचं. आमच्यात पंच दोघींना मध्यावर आणतो, एक हात समोरचीच्या बाहीला, एक गळपट्टीला लावून देतो, आणि मग "हाजिमे", म्हणजे सुरू. सुटलो की "माते", म्हणजे थांबा, परत मध्यावर, परत पकड. बाकी सगळं डोळसांसारखंच: चार मिनिटं, पाठीवर जोरात आपटली की इप्पोन, म्हणजे लढत तिथंच जिंकली, वीस सेकंद दाबून धरली तरी इप्पोन. आणि हो, आमच्या हॉलमध्ये आदेश जपानीत असतात. मराठी की कन्नड यावरून अख्ख्या बेळगावात जिथं कधी वाद झाला नाही अशी तेवढी एकच खोली असेल.

तर पकड. करंगळी आणि अनामिका घट्ट, अंगठा सैल. बाहीचं कापड जाड, शिवणीला बोट लागलं की कोपर कुठं आहे ते कळतं. कोपर कळलं की खांदा कळतो. ती डावा पाय उचलणार असेल तर त्याआधी गळपट्टी तुमच्या मुठीत किंचित तिच्या उजवीकडं सरकते. श्वास धरला की दोन क्षणांत काहीतरी येणार. हे सगळं खरं आहे. यात खोटं काही नाही.

मैत्रिणी माझ्या पकडीला "धृतराष्ट्राची मिठी" म्हणायच्या. मला आवडायचं ते. कथा मीही अर्धीच लक्षात ठेवली होती.

माझा सरावातला जोडीदार डोळस. हॉलमध्ये आला तेव्हा तेरा वर्षांचा होता, घरी कन्नड बोलणारा, मला अक्का म्हणणारा. माझ्या वजनाच्या मुली नव्हत्याच, म्हणून सरांनी त्याला माझ्यासमोर उभं केलं. माझा हुकमी डाव सेओई-नागे. आपल्याकडच्या धोबीपछाडीचा भाऊच म्हणा: बाही ओढायची, वळून त्याच्या पोटाखाली शिरायचं, पाठीवर घेऊन पुढं टाकायचं. पोरगा रोज पडायचा. पंधराचा झाला, सोळाचा झाला, आवाज फुटला, खांदे भरले, तरी पडायचा. मी सगळ्यांना सांगायचे, ताकदीचं काही नसतं ओ, हाताला कळायला पाहिजे.

त्या जोरावर मी राष्ट्रीय स्पर्धेला गेले. २०१८ साल, दोन रात्री रेल्वेत. पहिलीच कुस्ती. (ज्युदोची लढत, पण घरात आम्ही कुस्तीच म्हणतो.) पकड लागली, पोरीचे हात माझ्यापेक्षा बारीक होते, मनात म्हटलं झालं काम. बाही ओढली, वळले, शिरले, उचललं. ती उचललीच गेली नाही. खांबाला दोरी बांधून ओढावं तसं. मी पुन्हा शिरले. तिसऱ्यांदा शिरताना तिनं माझाच पाय मागून काढला आणि छतावरचा पंखा, लोकांचा गलका, सगळं एकदम माझ्या पाठीखाली गेल्यासारखं झालं. चाळीस सेकंदही झाले नसतील.

घरी मी सांगितलं, तिला थोडं दिसत होतं. ते खरंही होतं. तेव्हा पूर्ण अंध आणि अंधुक दिसणाऱ्या एकाच गटात लढायच्या; आम्हा पूर्ण अंधांच्या बाहीवर लाल गोल असायचा एवढाच फरक. २०२२पासून जे-१ आणि जे-२ असे गट वेगळे झाले आणि माझी ती सबब गेली. पण सबब कशाला लागत होती, ते मला परतीच्या रेल्वेतच कळलं होतं. वरच्या बर्थवर पडून मी मुठी आवळून तो डाव पुन्हा पुन्हा करत होते आणि एक गोष्ट आठवत होती. त्या पोरीला उचलायला गेले तेव्हा ती आधी जड झाली होती. माणूस खरा उचलला जातो तेव्हा आधी जड होतो, मग एकदम हलका. माझा जोडीदार कधीच जड व्हायचा नाही. तो पहिल्यापासून हलका असायचा. मी वळायच्या आधी त्याच्या पायाची बोटं गादीवर खसकन वाजायची.

सोमवारी हॉलमध्ये गेले. बाकीच्यांना जाऊ दिलं. त्याला म्हटलं, "उभा रहा. पडायचं नाही."

"का ओ अक्का?"

"पडायचं नाही म्हटलं ना."

पकड घेतली. त्याच्या बाहीला घाम नव्हता, खोबरेल तेलाचा वास नेहमीचाच. ओढलं, वळले, शिरले. तो उभाच. पुन्हा. उभाच. तिसऱ्यांदा मी गुडघे टेकेपर्यंत जोर लावला, आणि माझ्या मानेवर त्याचा श्वास येत होता, संथ, बस स्टॉपवर वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचा.

"कधीपासून?" मी विचारलं.

बराच वेळ काही नाही. मग, "एकदा तुम्ही रडत आला होतात. त्या दिवशी पडलो."

"मग?"

"मग सवय लागली."

"पण कधीपासून रे?"

"मलाच आठवत नाही अक्का."

मी काय म्हटलं ते शब्दशः लक्षात आहे, कारण त्याची लाज वाटते. "रस्ता ओलांडायला हात धरता तेवढं पुरत नाही काय तुम्हाला?" तो म्हणाला, "बिड्री अक्का," म्हणजे सोडा हो. दार लोटून गेला. त्यानंतर तीन महिने मी हॉलकडं फिरकले नाही.

त्या तीन महिन्यांत धृतराष्ट्राची उरलेली कथा डोक्यात बसली. श्रीकृष्णानं भीमाऐवजी लोखंडाचा पुतळा पुढं सरकवला, म्हाताऱ्यानं तो मिठीत चुरला, आणि मग भीम मेला समजून रडला. शंभर पोरांचा बाप, जन्मभर हातांनी जग ओळखलेला, त्याला लोखंड आणि माणूस यांतला फरक कळला नाही? मला त्याचा राग यायचा. म्हणजे कोणाचा येत होता ते उघड आहे.

तेव्हाची मी अजून म्हणते, फसवलं मला. आताची मी तिला विचारते, ती खसकन वाजणारी बोटं तुला ऐकू येत नव्हती काय? येत होती. दोन वर्षं येत होती. मी त्याला माझी चपळाई समजत होते. मग तेव्हाची म्हणते, डोळसांनी पडायचं नाटक करायचं आणि ओळखायची जबाबदारी माझी? यावर माझ्याकडं उत्तर नाही. आणि शेजाऱ्यांनी फार मान हलवू नये. नुरा कुस्ती, आधीच निकाल ठरवलेली, डोळसच बघतात, तिकीट काढून. बाबांना आमच्या खोलीत चार माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागावर धागा तुटला ते आवाजावरून कळतं. तरी डागी साडी आमच्या घरातूनही निघते, आणि ती गिऱ्हाईकच परत घेऊन येतं.

तीन महिन्यांनी मीच त्याला फोन केला. आता तो उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो, रविवारी येतो. मला टाकतो. भरपूर टाकतो. पहिल्या दिवशी त्यानं टाकलं तेव्हा पाठीतून कळ गेली आणि मी गादीवर पडून हसत सुटले, सरांना वाटलं लागलं मला. बाहेर माझ्याशी सगळे काचेच्या भांड्यासारखं वागतात, पायरीआधी दोन मीटरवरून "पायरी, पायरी" करतात. मला अंगावर पूर्ण वजन घेणारं माणूस त्या एका चौकोनातच भेटतं, म्हणून मी जाते. तुम्हाला खरं कारण हवं होतं ना, ते हे. पण टाकताना तो शेवटच्या क्षणी माझी बाही वर ओढून धरतो, डोकं आपटू नये म्हणून. ते नियमानंच करायचं असतं, चांगला जोडीदार कोणासाठीही करतो. तो माझ्यासाठी जरा जास्त करतो का, हे मला कळत नाही. मी विचारतही नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. दोन वर्षं झाली, अंध मुलांच्या वसतिगृहातली चार पोरं रविवारी माझ्याकडं शिकायला येतात. त्यातला सर्वांत लहान आठ वर्षांचा. सहा महिने नुसता पडतच होता, एकही तक्रार नाही. गेल्या महिन्यात त्याच्यासमोर मी गुडघ्यावर बसले होते. त्यानं दोन्ही मुठींनी माझी बाही धरली, दात खाऊन ओढली, आणि मी गेले. थाप मारली. बाकीची तिघं ओरडली.

तो काही ओरडला नाही. जवळ आला, माझं तोंड चाचपलं, आणि विचारलं, "टीचर, मुद्दाम पडलात काय ओ तुम्ही?"

"छे रे," मी म्हटलं. "खरंच पडले."

बाही त्यानं सोडली नव्हती. "मग परत," म्हणाला.