पर्समधली सॉर्बिट्रेट

हृदयाचं काहीही दुखणं नसताना माझ्या पर्समध्ये जवळजवळ वर्षभर सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची, पट्टी होती.

मे २०२२. साताऱ्याहून पुण्याला परतताना खंबाटकीच्या बोगद्यात ट्रॅफिक अडकलं. आधी हात गार पडले, मग छातीत धडधड, मग श्वास पुरेना. ह्यांनी गाडी बोगद्यातून काढली ती थेट हॉस्पिटलात. ईसीजी नॉर्मल. पुढच्या आठवड्यात टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), थायरॉइड, सगळं नॉर्मल. "गॅसेस असतील," म्हणून बोळवण झाली. त्यानंतर तेच लिफ्टमध्ये, मग मंगल कार्यालयात, मग चौथीच्या वर्गात फळ्यासमोर. सॉर्बिट्रेट शेजारच्या काकांच्या सल्ल्याने आली. आई साताऱ्यात एकटी, आणि मी आठ महिने माहेरी गेले नाही.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे धाडलं. हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचे झटके, असं सांगून त्यांनी एक गोळी सुरू केली आणि त्याच कागदावर सायकॉलॉजिस्टचं नाव लिहिलं. मला दोन्ही एकच वाटायचे. सायकिअ‍ॅट्रिस्ट हे एमडी डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, त्यांची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेकडे नोंदणी असते. तो नंबर खुशाल विचारावा, कुणी रागावत नाही.

सायकॉलॉजिस्ट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मला वाटलं होतं, समजूत घालेल, दोन गोड शब्द बोलेल. तिने पहिला अर्धा तास नुसते प्रश्न विचारले: झोप, घरची माणसं, औषधं, कधी जीव द्यावासा वाटला का. मग सांगितलं, "बाई, इथलं बोलणं इथेच राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच मी घरच्यांशी बोलेन." आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटं, साधारण बारा-चौदा वेळा. दर वेळी १२०० रुपये, माझ्या मेडिक्लेममध्ये बसत नव्हते. "आणि मधे काही दिवस त्रास वाढल्यासारखा वाटेल." म्हणजे पैसे मोजून त्रास विकत घ्यायचा!

दुसऱ्या वेळी तिने कागदावर एक गोल काढला. धडधड होते, मनात येतं "हार्ट अटॅक", त्या भीतीने धडधड वाढते, मग खात्रीच पटते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलेलं पॅनिकचं चक्र. इतकी वर्षं मुलांना जलचक्र शिकवलं, माझं स्वतःचं चक्र मात्र कुणी काढून दाखवलं नव्हतं.

चौथ्या वेळी तिने शहाळ्याची असते तसली स्ट्रॉ हातात दिली. नाक दाबून तिच्यातून मिनिटभर श्वास घ्यायचा. मग फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचं, मग दोन जिने भराभर चढायचे. ज्या धडधडीला मी मरण समजत होते ती मीच, मुद्दाम, दिवसाढवळ्या आणायची आणि ती आपोआप उतरताना बघायची. (तपासण्या नॉर्मल आहेत म्हणून हे, नाहीतर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, हेही तिनेच सांगितलं.) घरी रोज दोनदा सराव, आणि वहीत भीतीला शून्य ते दहा गुण.

गृहपाठ मी केला नाही. पाहुणे आले, वही सापडेना, पोरं मला देतात तीच कारणं मी तिला दिली. ती रागावली नाही. पन्नास मिनिटं आम्ही तो का झाला नाही यावरच बोललो. मध्येच मी फिस्कटले, "तुला काय कळणार गं, तुझं वय काय!" ती म्हणाली, "बोललात ते बरं झालं, मनात ठेवलं असतंत तर पुढच्या वेळी आला नसतात." खरं होतं. सहाव्या सेशननंतर मी सोडायचंच ठरवलं होतं.

मग पर्स रिकामी करायला लावली. सॉर्बिट्रेट, पाण्याची बाटली, ओव्याची पुडी, पेपरमिंट. दर आठवड्याला एक वस्तू घरी. तिचं म्हणणं, काही झालं नाही की श्रेय पट्टीला जातं, तुम्हाला कधी मिळतच नाही.

शेवटी बोगदा. खंबाटकी घरापासून दूर, म्हणून आधी कात्रजचा नवा. रविवारी सकाळी सातला ह्यांच्याबरोबर निघायचं, शिंदेवाडीला वळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. रेडिओ नाही, मारुतीस्तोत्र नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही, यावर मी बरीच भांडले. पहिल्या फेरीला नऊ गुण, चौथ्या फेरीला पाच. पाचाच्या खाली मात्र त्या दिवशी गेलेच नाही.

धडधड अजूनही होते. गेल्या दिवाळीत तुळशीबागेच्या गर्दीत झाली. आली की मी एका जागी उभी राहते, दहा-पंधरा मिनिटांत उतरते, मग उरलेली खरेदी करते. गोळी सायकिअ‍ॅट्रिस्टनी हळूहळू कमी करत बंद केली.

चौदावं सेशन झालं आणि त्याच आठवड्यात साताऱ्याला गेले. आईला यातलं काही माहीत नाही, तिच्या लेखी मला गॅसेसचा त्रास होता. निघताना तिने ओवा भाजून पुडी बांधून दिली आणि "पर्समध्ये ठेव, हाताशी असू दे," म्हणाली. जाताना घाट लागला होता, बोगदा परतीच्या वाटेवर होता. पुडी मी घेतली, तिला नमस्कार केला, आणि डिकीत ठेवली.