सराटीचं पाणी

इंदापूर सोडलं तेव्हा डाव्या टाचेला फोड आला होता, आणि वडापुरी येईपर्यंत तो फुटलाही. पुढे सुरवड, वकीलवस्ती, बावडा. पालखी महामार्ग झाल्यापासून रस्ता ऐसपैस झालाय. गाड्यांना तो बरा, चालणाऱ्याला नाही. सिमेंट पायाखालून भाजतं आणि रुंदीकरणात कडेची जुनी झाडं कमी झाल्यामुळे टेकायला सावली शोधावी लागते. विणेकरी बुवांनी टाचेकडे बघितलं, कुणाकडून तरी हळद-तेल आणवलं आणि म्हणाले, "सराटीला नदी हाय माउली. पाय पाण्यात सोडून बसा."

सराटी गाव तसं लहान. काळी जमीन, उसाचे फड, नीरेच्या काठाने वस्ती. पण तुकोबांच्या पालखीच्या वाटेवर पुणे जिल्हा संपतो तो इथे. देहूपासून लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर असं दिवसेंदिवस चालूनही आपण एकाच जिल्ह्यात असतो, हे मला नकाशा माहीत असूनही पायांनी चालेपर्यंत कळलं नव्हतं. नीरेच्या पलीकडे अकलूज, म्हणजे माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. त्यामुळे बंदोबस्ताचे पोलीस, पाण्याचे टँकर, दवाखान्याच्या गाड्या सगळं पुलावर बदलतं. अलीकडचे निरोप देतात, पलीकडचे हार घेऊन उभे असतात.

आमच्या दिंडीचा तंबू ज्यांच्या रानात पडला ते दादा दरवर्षी तेवढा तुकडा मोकळा ठेवतात. पालखी गेली की मग पेरायचं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. ऊस बघून मी म्हटलं, पाण्याची चांगली सोय दिसते. ते हसले. "वरनं सोडलं तर पाणी, ताई. न्हायतर वाळू."

त्यांचं खरं होतं. नीरा भोरच्या सह्याद्रीतून निघते, पण खाली येईपर्यंत भाटघर, नीरा देवघर, वीर अशी धरणं तिचा नाहीतर तिच्या उपनद्यांचा हिशेब लावून बसलेली असतात. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला, त्यावर बारामती-इंदापूरकडे ऊस उभा राहिला. नदीत मग उरेल ते. पात्र कोरडं पडल्यामुळे पादुकांना टँकरच्या पाण्याने स्नान घालावं लागलं, अशीही वर्षं होऊन गेली. यंदा मात्र पाणी होतं. गढूळ, गुडघ्याच्या वर, पण वाहतं.

रात्री झोप लागेना. समोरच्या काठावर अकलूजचे दिवे दिसत होते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा, त्यांनी पालखी सोहळा सुरू केला तो 1685 साली. चारच वर्षांनी, 1689 च्या सुरुवातीला, औरंगजेबाची छावणी याच अकलूजला होती आणि संभाजी महाराज पकडले गेल्याची खबर त्याला तिथे पोचली. त्या धामधुमीत पंढरीला निघालेली माणसं नीरा कुठे, कशी उतरली असतील? पूल नाही, माथ्यावर गाठोडं, पलीकडे मोगलांचे घोडे. बाजूच्या राहुटीत कुणीतरी घोरत होतं. मला उगाच भीती वाटून गेली, मग विचार करता करताच डोळा लागला.

पहाटे तुतारीने जाग आली. पादुका पालखीतून काढून नदीवर नेल्या तेव्हा एवढी गर्दी होती, की मला दिसले ते फक्त वर गेलेले हात आणि पताका. माउलींच्या पादुकांनाही याच नीरेत स्नान घालतात, पण वरच्या अंगाला, वाल्हे आणि लोणंदच्या मधे. एकच नदी, दोन सोहळे. ज्ञानोबा-तुकाराम म्हणताना ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती.

मग आमचं स्नान. औशाकडच्या एक मावशी शेजारी लुगडं धूत होत्या. वडीने खसाखसा साबण लावता लावता त्यांनी विचारलं, "हे पानी म्होरं कुठं जातं गं?"

मी मास्तरणीच्या सुरात सांगितलं. खाली नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. तिथून भीमा पंढरपूरला. तीच चंद्रभागा. म्हणून तर वीरमधून जास्त पाणी सुटलं की इकडे पंढरपूरच्या घाटावर पाणी चढतं.

त्यांचा हात थांबला. "म्हंजी हे इठ्ठलाच्या पायाशी जायाचं?"

"हो, आपल्या आधी."

मावशींनी वडी उचलली, पिशवीत टाकली आणि उरलेलं लुगडं नुसत्या पाण्यात आपटून काढलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या केसांना शांपूचा फेस तसाच होता. मी मुकाट्याने काठावर गेले आणि हापशावर डोकं धुतलं. टाच झोंबत होती, हापशाला रांग होती, आणि विणेकरी बुवा "चला चला" करत होते.

पुलावर मावशींनी लुगड्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं त्यांनी धरलं. मधे वारा भरला. खाली पाणी पूर्वेला निघालं होतं, आम्ही दक्षिणेला. अकलूजच्या वेशीवर तोफा आणि हलग्या वाजत होत्या, रिंगणाला जागा धरायला पोरं पुढे पळत होती. लुगडं तोवर पुरतं वाळलं नव्हतं. काठाकडे ओल होती.